खांबाला झालर

आमच्या गावात बारसं असो, लग्न असो की तेरवी, माणसाच्या डोक्यावरचं कापड हनीफमामूंचं. एका निवडणुकीत तर दोन हाडवैऱ्यांच्या सभा एकाच आठवड्यात झाल्या. दोघांनीही एकाच पिवळ्या-गुलाबी पट्ट्यांच्या छताखाली उभं राहून एकमेकांना गाडून टाकायच्या शपथा घेतल्या. मामू दोन्ही वेळेस मागे दोरीवर हात ठेवून उभे. "कोणीबी पडो," मला म्हणाले, "मंडप पडला नाई पायजे."

'गुलशन बिछायत केंद्र' हे त्यांच्या दुकानाचं नाव. आमच्या वऱ्हाडात मंडप, खुर्च्या, गाद्या, तंबू, सगळं मिळून 'बिछायत'. आणि मी गावातला फोटोवाला. जिथे त्यांचा मंडप, तिथे माझा कॅमेरा. म्हणजे अर्धं आयुष्य आम्ही दोघांनी परक्यांच्या लग्नात, उभ्यानं जेवत काढलं.

मामू स्वतःच एखाद्या बांबूसारखे होते. उंच, सडसडीत, वरच्या टोकाला जरा वाकलेले. कानात अत्तराचा फाया, तोंडात लवंग. माणसांची पारखही बांबूवरूनच करायचे. एखादा पुढारी फार गोड बोलला की माझ्या कानाशी येऊन पुटपुटत, "हिरवा आहे. वाकते छान, पण भार टाकू नका." आमच्या हेडमास्तरांबद्दल त्यांचं मत होतं, "वाळलेला माल. टिकन, पण वाकवाले गेले का तडकन." मी एकदा विचारलं, "अन् मी?" माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "फोटोभाऊ, तुम्ही बांबू नाई. तुम्ही झालर."

ही झालर म्हणजे त्यांचं वेड. उघडा खांब त्यांना बघवत नसे. बांबू असो, लोखंडी पाइप असो, नाहीतर मधेच कडमडलेला विजेचा खांब, त्याला पायापासून वर कापड गुंडाळायचं आणि डोक्यावर चुणीदार झालर सोडायची. एकदा शाळेच्या मैदानात मंडपाच्या मधोमध कडुनिंब आला. मामूंनी त्यालाही गुलाबी कापड नेसवलं. हेडमास्तर ओरडले, "अहो, झाडाला कशाला?" मामू शिडीवरून म्हणाले, "सर, पाव्हणे येऊन राह्यले. त्यायच्यापुढं हे असंच उघडं उभं राहीन?" हेडमास्तरांना आपणच उघडे असल्यासारखं झालं असावं. ते शर्टाची वरची गुंडी लावत निघून गेले.

आता शांतता समितीकडे येऊ. हा खेळ पाहायचा तर पुढच्या रांगेत बसून पाहावा.

सण जवळ आले की ठाणेदार शांतता समितीची बैठक बोलावतात. पोलीस ठाण्याच्या आवारात मंडप पडतो. मंडप मामूंचा. खुर्च्या मामूंच्या, पाठीवर लाल रंगात 'गुलशन' लिहिलेल्या. पाण्याचे जग, चहाचे पेले, टेबलावरचा सॅटिनचा कपडा, सगळं मामूंचं. आणि या सगळ्याच्या मधे समितीचे सन्माननीय सदस्य हनीफमामू स्वतःच्याच खुर्चीवर परक्याच्या घरी आल्यासारखे टोकाला बसलेले. ठाणेदार भाषणात म्हणत, "मुस्लिम समाजानं सहकार्य करावं." मामू उठून म्हणत, "करू, साहेब." साहेब बदलले, सण बदलले, हे वाक्य बदललं नाही. छत त्यांचं, खुर्ची त्यांची, पेला त्यांचा. आणखी कोणतं सहकार्य बाकी होतं, देव जाणे.

शेवटी पेपरात द्यायला फोटो. तो मी काढायचो. मधे साहेब, एका बाजूला टिळे, दुसऱ्या बाजूला टोप्या. मामूंना एरवी टोपीची सवय नव्हती, उन्हातान्हात शिडीवर चढणारा माणूस. वार्ताहर ओरडायचा, "मामू, टोपी!" मग ते खिशातून एक घडी केलेली जाळीची टोपी काढत. "हे सरकारी," मला डोळा मारून म्हणत. "नमाजाची घरी आहे."

त्या काळी मामूंच्या मोहल्ल्यावर नजर नव्हती असं समजू नका. चांगली डोळ्यांत तेल घालून होती. तिचं नाव हवालदार ढोले. ते ठाण्याच्या गोपनीय शाखेत होते आणि ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. लोक त्यांना तोंडावर 'गोपनीयभाऊ' म्हणत, ते ओ देत. दर जुम्म्याला ते मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात बसून कट चहा घेत आणि मामूंना विचारत, "मामू, काही हालचाल?"

"आहे नं. रज्जाकची म्हैस व्याली."

"तसं नाई हो. नवीन माणूस कोणी?"

"नवीनच आहे तो. रेडकू आहे."

ढोले हसत. मग मामू खरं ते सांगत, अमक्याकडे भुसावळचा साडू आलाय, तमक्याचं पोरगं सुरतेहून परत आलं. ढोल्यांच्या पोरीच्या लग्नाचा मंडप मामूंनीच टाकला होता. नजर ठेवणारा आणि ज्यावर ठेवायची तो, दोघं एकाच बाकावर बसून एकाच बशीतली खारी बुडवून खात. मी याला रामराज्य म्हणणार नाही. 'काही हालचाल?' हा प्रश्न सराफा लाइनीत कोणी कोणाला विचारत नव्हतं. पण निदान प्रश्न विचारणाऱ्याला तोंड होतं, आणि त्या तोंडाला मामूंच्या चहाची चव माहीत होती.

मग नवे ठाणेदार आले. तरुण, तडफदार, शर्टाची इस्त्री अशी की बोट कापावं. त्या सुमारास सराफा लाइनीत एक दुकान फुटलं आणि समितीची बैठक बोलावली गेली. एक शेठ उठले. "साहेब, चोऱ्या आमच्या लाइनीत होऊन राह्यल्या," ते म्हणाले, "तुम्ही त्यायच्या मोहल्ल्यात कॅमेरे लावा."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला वाटलं, आता कोणी तरी हसेल. कोणी हसलं नाही. उलट माना हलल्या. एक जण म्हणाला, संवेदनशील भाग आहे. दुसरा म्हणाला, ज्याच्या मनात काही नाही त्यानं घाबरायचं काय कारण? हे वाक्य नेहमी तोच म्हणतो ज्याच्या दारात कॅमेरा येणार नसतो. मग सगळ्यांनी मामूंकडे पाहिलं.

मामू उठले. "लावा, साहेब. पूर्ण गावात लागून राह्यले नं?"

"अर्थात. टप्प्याटप्प्यानं," ठाणेदार म्हणाले. "पहिला टप्पा तुमच्याकडे. तुमचा मान."

"मंग मी सांगतो मोहल्ल्यात. माह्यी जबान."

टाळ्या पडल्या. मी फोटो काढला. टोपी घालायला मामू विसरले, वार्ताहरानं आठवण करून दिली.

जबान देणं सोपं होतं. ती घरी नेणं अवघड गेलं. घरात तबस्सुम होती, मामूंची एकुलती एक लेक, बुलढाण्याच्या कॉलेजात शिकून आलेली. घरात त्यांची बोली निराळी, पण मी बसलेला असलो की पाहुण्याचा मान म्हणून बापलेक वऱ्हाडीत भांडायचे. त्या दिवशी मी चहाला होतो.

"अब्बा, बाजारात काऊन नाई लावत अगोदर?"

"टप्पा आहे, बेटा."

"टप्पा हरखेपी आपल्याच दारात काऊन पडते?"

"लावू दे नं. कॅमेऱ्याचं भेव चोराले. आपण काय चोरलं?"

"तेच तं विचारून राह्यली मी. काही चोरलं नाई, मंग आपल्याच घराकडं तोंड करून काऊन?"

मामूंनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी बशीत पाहिलं. मग ते म्हणाले, "हे पाह्य, त्यायच्या मनात शंका आहे. एकखेपी पाहून घेऊ दे. दिसन काही नाई, तं जाईन शंका."

"शंका अशी जात नसते, अब्बा," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

जुम्म्याच्या नमाजानंतर मामूंनी मशिदीच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना समजावलं. पूर्ण गावात लागणार आहेत, आपल्याकडे फक्त अगोदर. लोकांनी ऐकलं. कारण या माणसानं टाकलेला मंडप कधी वादळातही बसला नव्हता. कंत्राटदाराची माणसं आली तर त्यांच्याकडे पुरेशी उंच शिडी नव्हती. ती कोणी दिली असेल? अहो, दिली काय, स्वतः खाली धरून उभे राहिले. एक खांब त्यांच्याच घरासमोरच्या वळणावर रोवला गेला. त्याच्या डोक्यावरचा डोळा थेट त्यांच्या ओट्यावर.

दुसरा टप्पा अजून यायचा आहे. बुलढाण्याहून निघाला म्हणतात, बहुधा घाट उतरताना ब्रेक फेल झाले असावेत.

संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या बायका आत गेल्या. मामूंच्या घरचा ओटा म्हणजे मोहल्ल्यातल्या बायकांचं वर्तमानपत्र, ते बंद पडलं. मग पोरांना बोलावणी येऊ लागली. काल कोपऱ्यावर उभं राहून काय बोलत होता? मॅचबद्दल. कोणाच्या मॅचबद्दल? दरवेळेस सोडवायला मामू जात, कारण जबान त्यांची. परत येताना पोरांचे बाप त्यांच्याशी बोलत नसत. मोहल्ल्यातल्या टवाळांनी त्या घरासमोरच्या कॅमेऱ्याचं नाव ठेवलं 'मामूचा जावई'. "काय मामू, जावई जेवला का?" असं जाता-येता विचारत. मामू लवंग या गालातून त्या गालात नेत आणि म्हणत, "जावई कमी बोलते, हेच लय झालं."

अशात खऱ्या जावयाचं ठरलं. मलकापूरचं स्थळ, मुलगा शिक्षक. मामूंनी जो मंडप टाकला, तो सांगतो, तसा मी पुन्हा पाहिलेला नाही. पांढरं शुभ्र, कोरं कापड. कित्येक वर्षांपासून त्यांनी ते पेटीत ठेवलं होतं, कोणाला भाड्यानं दिलं नव्हतं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकली. गाठी अशा की कुठे दिसू नयेत. आणि मंडपाच्या बरोबर तोंडाशी, जिथून नवरदेव आत येणार, तिथे तो राखाडी, गंजत चाललेला लोखंडी खांब.

मी खाली माझे लाइट लावत होतो. मामू शिडीवर चढले. ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नातले खांब सजवले, ते हात आपल्या लेकीच्या लग्नात काय थांबणार? पायापासून पांढरं कापड गुंडाळत गेले, टाचण्या मारल्या, आणि वर चुणीदार हिरवी झालर सोडली. झालर छान मोठी होती. कॅमेऱ्याच्या डोळ्यावरून खाली उतरली.

"मामू," मी खालून ओरडलो, "जावयाले फेटा बांधला का?"

ते वरून खळखळून हसले. शिडी हलली. दोघांच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. त्या डोळ्यामागे कोणी पाहत बसलंय, हेच त्या क्षणी त्यांच्या लेखी नव्हतं. खांब होता, आणि पाहुणे येणार होते.

निकाह झाला. पंगती बसल्या. मी आत नवरीचे फोटो काढत होतो तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि ढोले उतरले. ढोल्यांना आमंत्रण होतंच. वर्दीत पाहून मला वाटलं, ड्यूटीवरून थेट जेवायला आले. मामूंनाही तेच वाटलं. "या गोपनीयभाऊ, बसा, गरम आहे."

ढोले बसले नाहीत. "मामू, कॅमेरा कोणं झाकला?"

"कोणता कॅमेरा?"

ढोल्यांनी वर पाहिलं. मामूंनी वर पाहिलं. "अरे बाप्पा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच तं झाकला! थांबा, आत्ता सोडतो." ते शिडीकडे वळले.

"सोडू नका," ढोले खालच्या आवाजात म्हणाले. "साहेबानं सांगितलं, हात लावायचा नाई. जसं आहे तसं पाह्यचं आहे त्यायले. तुम्ही चला ठाण्यात. मंग पाहू."

"आज? गोपनीयभाऊ, रुखसत आहे पोरीची, सासरी चालली ते."

"मले काय ठाऊक नाई का, मामू?" ढोले जमिनीकडे पाहत म्हणाले. "चला. लवकर जाऊ, लवकर येऊ."

पंगतीतले हात थांबले. व्याही दात कोरता कोरता उठून उभे राहिले. मामू त्यांच्याकडे पाहून हसले. "काही नाई, भाईसाहब. आपलं घरचंच आहे." आणि जीपमध्ये बसले. मीही मागे चढलो. समितीचा फोटोवाला म्हणून ठाण्यात मला कोणी अडवत नसे.

ठाण्याच्या आवारात सकाळच्या कसल्याशा कार्यक्रमाच्या खुर्च्या पडून होत्या. त्यातलीच एक 'गुलशन' ओढून मामूंना बसायला दिली. साहेब फोनवर होते. मग दुसऱ्या फोनवर. मग आमच्याकडे वळले.

"बाहेरगावची एवढी माणसं जमा होतात आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा झाकला जातो. कोणाच्या सांगण्यावरून?"

"साहेब, कोणाच्याच नाई. खांब उघडा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे उघडा खांब बरा दिसत नाई, साहेब. पाव्हणे होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हा म्हातारा आपली थट्टा तर करत नाही? मी झाडाची गोष्ट सांगायला लागलो, शाळेच्या मैदानातल्या कडुनिंबाची. ऐकून साहेब म्हणाले, "कॅमेरा म्हणजे झाड आहे का?" बरोबर होतं त्यांचं. झाडानं कोणाला ठाण्यात आणलं नव्हतं.

"साहेब, रुखसत होऊ द्या," मामू म्हणाले. "मंग रातभर बसतो इथं. कोठी पळून जाणार मी? गावातल्या हर खुर्चीवर माह्यं नाव आहे."

"होईल, होईल. वरून फोन यायचाय."

वरून फोन येईना. उन्हं कलायला लागली. मामूंनी मला जवळ बोलावलं. "फोटोभाऊ, तुम्ही जा. रुखसतीचा फोटो राहून जाईन."

मी गेलो. मंडपात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मलकापूरची माणसं गाड्यांत जाऊन बसली होती. व्याही वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "अंधार पडायच्या आत निघू द्या," ते मला म्हणाले. "आणखी कोणाकोणाची चौकशी निघते, काय भरवसा?" तबस्सुमनं एकच विचारलं, गाडी ठाण्यावरून नेता येईल का? अब्बांना बाहेरूनच पाहते. व्याही म्हणाले, "बेटी, त्या रस्त्यानं नको." मामींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी बटण दाबलं. गाडी बाजाराच्या मागून, धान्याच्या गोदामांच्या गल्लीतून गेली.

मामूंना दिवेलागणीला सोडलं. गुन्हा नाही, काही नाही. पोलिसांच्या भाषेत, 'समज देऊन सोडण्यात आले.' पंचनामा करायला कोणी आलंच नाही. झालर तशीच लटकत होती. ती मामूंनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं उतरवली. पुढच्या महिन्यात सराफा लाइनीत आणखी एक दुकान फुटलं आणि समितीची बैठक झाली. मंडप मामूंचाच होता, पण तो टाकायला दुकानातली माणसं आली. मामू नाहीत. निरोप पाठवला, गुडघा दुखून राह्यला.

पावसाळा संपता संपता ते माझ्या स्टुडिओत आले. अंगावर लग्नातलाच क्रीम रंगाचा कुर्ता, इस्त्री केलेला. बराच वेळ भिंतीवरचे फोटो पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "फोटोभाऊ, ते तुम्ही मिक्सिंग करता म्हणते?"

आमच्या धंद्यात ही एक सोय असते. आजोबा वारलेले असतात, नातवाच्या लग्नाच्या फोटोत ते हवे असतात. जुन्या फोटोतून आजोबा कापायचे आणि नवरदेवाच्या बाजूला उभे करायचे. मेलेल्यांना मी पुष्कळ लग्नांना आणलं आहे. जिवंत माणूस पहिल्यांदाच आला होता.

"बसवतो," मी म्हणालो. "जुना फोटो चालेल तुमचा?"

"नाई. जुन्यात हात खाली आहे. हात डोक्यावर पायजे."

मी निळा पडदा सोडला, लाइट लावले. मामू पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात हवेत, कोणी तरी समोर उभं असल्यासारखा धरला. बोटं जरा पसरलेली, तळवा खाली.

"इतकी आहे नं ती?"

मी कॉम्प्युटरवर रुखसतीचा फोटो उघडला. "थोडा वर घ्या, मामू."

"वर? तिच्या पायात उंच चपला होत्या का त्या दिवशी?"

"होत्या."

"मले ठाऊक नाई," ते म्हणाले आणि हात बोटभर वर सरकवला. "आता?"

"आता बरोबर. आता चेहरा. जरा रुखसतीचा करा."

त्यांनी प्रयत्न केला. ओठ मिटले, भुवया वर घेतल्या, मग खाली. काहीच जमेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींच्या रुखसती आणि बिदाया मंडपाच्या कडेला उभं राहून पाहिलेला माणूस, पण स्वतःचा चेहरा त्याला सापडेना.

"खरं सांगू?" ते म्हणाले. हात तसाच. "तुम्ही गेले नं, त्याच्यानंतर साहेबाचे एक दोस्त आले. साहेब जोक सांगून राह्यले होते. सगळे हासले. म्हटलं, आपण नाई हासलो तं साहेबाले वाटन, म्हाताऱ्याच्या मनात काही आहे. मंग मीबी हासलो. तिची गाडी निघाली असन, तेव्हा मी हासून राह्यलो होतो, फोटोभाऊ."

मी कॅमेऱ्याच्या मागे डोळा लावला. त्या चौकटीत निळा पडदा होता, क्रीम कुर्ता होता, आणि कोणाच्याच डोक्यावर नसलेला तो हात होता.

"काढा आता," मामू म्हणाले. "हात भरून आला."